काशीत सोडलेलं फळ

आमच्या शालनला दुसरी मुलगी झाली, ते साल चौऱ्याण्णव. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं सांगलीला आमच्याकडं झालं होतं. दुसरं साताऱ्याला, सासरी. तिला सासू नाही, म्हणून मार्गशीर्ष लागताच मी बोचकं बांधून गेले. बरोबर आमचे मालक आकाराम, कारण त्यांना मागं ठेवून मी कधी कुठं राहिलेली नाही. पुढं नाताळची सुट्टी लागली तशी माझ्या मुलाची मुलगी मयूरी येऊन मिळाली. तिच्या बापाला कुपवाडच्या कारखान्यातून रजा नव्हती, त्यानं तिला एसटीत बसवून दिलं आणि आम्ही उतरवून घेतलं. त्या सुट्टीत हे घडलं. घडलं म्हणजे काय, मी एक ग्लास सोडा प्याले. सांगायला गेलं तर एवढंच आहे. पण त्या एका ग्लासानं माझं मन जे ढवळलं, ते खाली बसायला पुढचे दिवस गेले, आणि बसलं तेव्हा आधीच्यासारखं बसलं नाही.

बाळंतिणीसाठी डिंक आणि खारीक आणायला मी आणि मयूरी बाजारात गेलो होतो. येताना ती राजवाड्याच्या खालच्या अंगाला एका सोड्याच्या गाडीजवळ अडून बसली. गाडी कसली, अर्धं दुकानच होतं ते, भिंतीला टेकून उभं केलेलं. पुढं एक बाक, बाकावर ऊन. नाथाजी नावाचा गडी ती चालवायचा, डोक्याला मफलर आणि हाताच्या बाह्या मात्र वर. मयूरी म्हणाली, "दोन लाल." मी म्हटलं, "अगं, थंडीत कसला सोडा पितीस, घसा धरंल." तेव्हा नाथाजी माझ्याकडं न बघता बाटली पुसत म्हणाला, "मावशी, ह्यो थंडीतच मिळतूय. उन्हाळ्यात या, लिंबू हाय, जिरा हाय. ह्यो न्हाई गावायचा." आणि त्यानं दोन ग्लासांत तळाला काहीतरी लालभडक घट्ट ओतलं, गोटीवर अंगठा दाबला, बाटलीनं एकदा उसासा टाकला, आणि ते सगळं फसफसत वर आलं. लाल होतं ते गुलाबी झालं. फेस काठावर येऊन थांबला, पडला नाही. मला त्या फेसाचंच कौतुक वाटलं. दूध असतं तर उतू गेलं असतं.

पहिल्या घोटाला काही कळलं नाही, नुसतं गार. दुसऱ्याला नाकात झिणझिण्या आल्या आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि मी एकदम माहेरी होते. माझं माहेर कोरेगावच्या बाजूचं. पावसाळा सरला की ओढ्याच्या डोहात माझे भाऊ मला ढकलायचे. पाणी नाकात जायचं, मेंदूपर्यंत जायचं, वाटायचं मेले, आणि वर आल्यावर जे हसू फुटायचं त्याला कारण नसायचं. तसं हसू मला त्या बाकावर फुटलं. वय बासष्ट, डोक्यावर पदर, मांडीवर खारकेची पिशवी, आणि मी हसते आहे. वास असा, की फुलाचा म्हणावा तर आंबट, आणि आंबट म्हणावा तर त्यात दूध. चव आधी गोड लागे, मग जिभेच्या कडांना चिमटा काढी, आणि घोट गेल्यावर पुन्हा गोड. दातांत बारीक कण येत होते, खसखशीएवढे. मला वाटलं सब्जा घातला असेल. मी ते दातांखाली एकेक फोडत होते. मयूरी विचारत होती, "आज्जी, आवडलं? आज्जी, सांग की." मी मान हलवली. बोलले असते तर तोंडातली चव मोडली असती. मला वाटलं, बासष्ट वर्षं हे कुठं होतं? आंबा माहीत होता, सीताफळ माहीत होतं, उसाचा रस, काकवी, बोरं, करवंदं, सगळं माहीत होतं. हे माझ्या माहेरच्याच जिल्ह्यात थंडीत उघड्यावर विकत होते आणि कुणी मला सांगितलं नव्हतं.

आणि मग मी पाटी वाचली. मला अक्षरं उशिरा आली. सांगलीला आमच्या गल्लीत साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा साठी आली होती. तेव्हापासून दिसेल ती पाटी वाचायची, ही खोड लागली. एसटीत बसले की बाहेरचं गाव बघायचं सोडून मी खिडकीवरचं वाचते. नाथाजीच्या गाडीवर पत्र्याची पाटी होती, तिच्यावर पाण्याचे ओघळ. 'थंडीतली खास' हे लगेच आलं. पुढचं अक्षर आलं नाही. एकाच अक्षराच्या पोटात तीन बसलेली, एकाच सायकलवर तीन पोरं बसावीत तशी. मी ती एकेक करून खाली उतरवली. स. ट. र. मग ओठांनीच जुळवलं. पुढचं सोपं होतं. आणि जुळवलेलं माझ्याच कानाला ऐकू आलं तेव्हा माझा हात ग्लासासकट वाटेत थांबला. स्ट्रॉबेरी. हे नाव मी माझ्या माणसांत एकदाच ऐकलं होतं, आणि ते मालकांच्या तोंडून, काशीच्या घाटावर, गंगेत गुडघ्यापर्यंत उभी असताना. ते फळ मी सोडलेलं होतं. काशीत सोडलेलं, म्हणजे मरेपर्यंत सोडलेलं.

ग्लास अर्धा होता. इथवरचं न कळत झालं, हे मी देवाला सांगू शकले असते. पण उरलेल्या अर्ध्याचं काय? ओतून द्यावा तर अन्न टाकल्याचं पाप, मयूरीला द्यावा तर तिचा तिला होता. हे सगळं मी मनाला सांगितलं, आणि ते खरंही होतं, पण त्याच्याखाली दुसरं होतं, ते असं की जिभेला अजून हवं होतं. मी उरलेला अर्धा ग्लास प्याले. सावकाश प्याले. पहिल्यापेक्षा तो जास्त चांगला लागला.

काशीला आम्ही एकोणनव्वद साली गेलो, धाकट्या शालनचं लग्न झालं आणि अंगावरची जबाबदारी उतरली तेव्हा. सांगलीच्या हळदपेठेतली आठ-दहा जोडपी होती. मालक तिथं तोलाईदार होते, सारी हयात काट्यापुढं उभं राहून गेली. अंगाला हळदीचा वास इतका मुरलेला की धुतलेल्या सदऱ्यालाही येई. घाटावर पूजा झाल्यावर गुरुजींनी विचारलं, कोण काय सोडतो. काशीला गेलं की आवडीचं एक फळ देवाला सोडून यायचं आणि परत तोंडात घालायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. रंगूबाई, आमची शेजारीण, सगळ्यांत पुढं घुसली आणि म्हणाली, "मी कारलं सोडलं." सगळी हसली. गुरुजी म्हणाले, "बाई, आवडतं ते सोडायचं असतं." तर म्हणते, "मला लय आवडतं, ह्यांना इचारा." तिचा नवरा गंगेकडं बघत उभा राहिला, हो नाही की नाही नाही. मालकांची पाळी आली. ते सरळ म्हणाले, "आंबा." हसणं थांबलं. आंब्यासाठी हा माणूस वैशाखात जेवायचं विसरायचा. आणि गुरुजी माझ्याकडं वळले, मी तोंड उघडलं, मलाही आंबाच म्हणायचं होतं, नवऱ्यानं सोडलं ते आपण कसं खायचं, तर माझ्याआधी मालकच बोलले, "तिची स्ट्रॉबेरी." गुरुजींनी पाणी सोडलं. झालं. मला ते काय असतं हेसुद्धा माहीत नव्हतं, मालकांनी ते नाव कुठं ऐकलं देव जाणे. रेल्वेत रंगूबाई रात्रभर टोचत राहिली, "बघा बाई, मी कारलं सोडलं तर मी लबाड. आन ह्यांनी बायकूला न बघितलेलं सोडाय लावलं." मी मालकांना विचारलं, असं का केलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "दोघांनीबी आंबा सोडला, तर घरात आंबा आणायचा कुणासाठी?" तेव्हापासून दर वैशाखात ते पेटी आणत, माझ्यापुढं ताट ठेवत आणि समोर बसून मला आंबा खाताना बघत. मी कोय चोखू लागले की त्यांचे ओठ आपोआप हलायचे. एवढा एक घास सोडला तर आमच्या घरात त्या दिवसांत दुःख नव्हतं.

पण काशीला माणूस नुसतं सोडत नाही, मागतोही. सोडतो ते मोठ्यानं, मागतो ते मनात. मी मनात मागितलं होतं की मालकांच्या आधी मी जावी. हिरवा चुडा हातात असताना, मळवट भरून. त्यात नवल नाही, आमच्यातली प्रत्येक बाई हेच मागते. पण माझं मागणं नुसतं चुड्यापायी नव्हतं. हळदीच्या धुळीनं मालकांची छाती धरली होती. थंडी पडली की खोकला लागायचा, आणि एकदा लागला की ते भिंतीला हात लावून उभे राहायचे. त्या खोकल्याचा आवाज बंद झालेलं घर मला ऐकायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी मागितलं होतं, आणि त्याच्या बदल्यात माझ्याकडनं गेलं होतं ते एक न पाहिलेलं फळ. आता तेही मी पिऊन बसले होते. बाकावरून उठताना मला वाटलं, आपण आत्ता काहीतरी हातानं सांडलं. आणि तोंडात चव होती. भीती होती आणि चव होती, दोन्ही एकदम, आणि भीतीमुळं चव कमी होत नव्हती, हीच मोठी भीती.

घरी गेलो तर शालन बाळाला घेऊन बाजेवर, खाली शेगडीत ओव्याची धुरी. मालक उंबऱ्याशी नातीच्या झबल्याला बंद शिवत बसलेले. ते हळदीची पोती शिवायचे त्याच टाक्यांनी. शालन मला बघून म्हणाली, "आई, तुझ्या तोंडाला कसला गं वास येतोय, गोड गोड? आन जीभ बघू." मी तोंड मिटलं. मयूरीनं आपली जीभ काढून दाखवली, लालबुंद. "आज्जीची पण अशीच आहे. आम्ही सोडा प्यायलो. आज्जीनं तर तळाचं बोटानं पुसून खाल्लं." शालन इतकी हसली की बाळ दचकलं. "मला बाळंतिणीला कोमट पाणी, आन तू बाजारात सोडा पितीस व्हय गं?" मालक सुई थांबवून माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "जीभ काढ की, बघू तरी. चाळीस वर्सं ऐकतूय, बघितली न्हाई कवा." सगळी हसली, मीही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. ते उठून भिंतीला हात लावून उभे राहिले. रोजचाच खोकला. पण मला तो त्या दिवशी नवा वाटला. त्या रात्री मी बाळाचं अंग शेकत होते आणि दर खोकल्याला मनात म्हणत होते, मी न कळत प्याले. आणि मनच उलट म्हणत होतं, अर्धा.

सकाळी उजाडताना मला युक्ती सुचली. मयूरीच एकदा म्हणाली होती की गोळ्यांत, आइस्क्रिमात खरं फळ काही नसतं, नुसता इसेन्स असतो, बाटलीतला वास आणि रंग. मग या सोड्यातही तोच असेल. मग मी फळ खाल्लंच नाही. रंग प्याले. मला इतकं हलकं वाटलं की बाळाच्या अंघोळीचं पाणी मी गुणगुणत उपसलं. आणि त्याच वेळी, आत कुठंतरी, वाईटही वाटलं, की मग ती चव खोटी होती का. पण वाईट वाटू दे. मी मयूरीला न घेता एकटी गेले.

नाथाजी नुकता गाडी उघडत होता. मी म्हटलं, "काल ज्यो लाल सोडा दिलास, त्यात काय घालतूस रं?" तो सावध झाला. "का वं मावशी, पोट बिघडलं व्हय?" "न्हाई. पण त्यात खरं फळ नसंल की. इसेन्स असंल." नाथाजीनं हातातली बाटली खाली ठेवली. मी त्याच्या आईला काही बोलले असते तरी त्याला इतकं लागलं नसतं. "मावशी, कुणी सांगितलं तुमाला? त्यो पलीकडचा बोलला आसंल. त्यो घालतूय इसेन्स. माज्याकडं महाबळेश्वरचा माल हाय, मेव्हण्याचा मळा हाय तिकडं, पाटीनं येतूय रोजच्या गाडीला." मी म्हटलं, "असू दे रं, थोडाफार इसेन्स सगळीच घालत्यात. मी कुणाला सांगत न्हाई. हाय म्हण की." "कसं म्हणू? न्हाई तर न्हाई." "अरं, इसेन्स असला तर माजी काय तक्रार न्हाई. उलट बरंच हाय." आता त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. त्यानं खालून फळांची पाटी ओढली, वरची पानं बाजूला केली, आणि मी ते फळ पहिल्यांदा पाहिलं. केवढंसं, बोटाच्या पेराएवढं, टोकाला निमुळतं, डोक्यावर हिरवी टोपी, आणि अंगभर पिवळे ठिपके टोचलेले. बिया बाहेर. मी असलं फळ पाहिलं नव्हतं, ज्याला काही लपवायचंच नाही. "काल तुमच्या दातात कण आलं का न्हाई?" नाथाजी म्हणाला. "आलं." "इसेन्सला बिया असत्यात व्हय, मावशी?" त्यानं एक फळ माझ्या तळहातावर ठेवलं. "खाऊन बघा. पैसं नगंत. आन मग सांगा खोटं हाय का." मी ते पदराच्या टोकाला बांधलं आणि निघाले. तो मागून म्हणाला, "बांधू नगा, चेंगारतंय." माझ्या पदराला लाल डाग पडला तो अजून निघालेला नाही. मी काढलाही नाही.

मालक गच्चीवर उन्हात बसले होते, पाय लांब करून, पायांवर बाळ. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. सोडा, पाटी, अर्धा ग्लास, इसेन्स, बिया. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुगत होता, आणि बियांपाशी आल्यावर फुटला. ते हसले. बाळ पायांवर हिंदकळत होतं. मी म्हटलं, "हसू नका, खोकला लागंल." "पुन्यांदा सांग, नाथाजी काय म्हणला? इसेन्सला बिया असत्यात व्हय?" आणि पुन्हा हसले. "आवं, काशीत सोडलेलं हाय. हसताय काय?" "अगं, सोडा म्हंजे काय फळ न्हवं. पाणी हाय त्ये. त्यात फळ बुडवलंय. गंगेत दूध वतलं म्हून गंगा काय दुभती हुती व्हय?" मला राग आला. माझी रात्र कशी गेली हे त्यांना माहीत नव्हतं. आणि मला तेव्हा दुसरं काहीतरी आठवलं, आणि मी ते बोलले. "मग तुमी लोणचं खाताय त्येबी असंच का?" त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "कसलं लोणचं?" "आंब्याचं. पाच वर्सं खाताय. काल रात्री दोन फोडी घेतल्या." "ती कैरी," मालक म्हणाले. "कैरी काय कडूलिंबाला लागती व्हय?"

त्यांनी बाळाचं झबलं सारखं केलं. त्यांनी जन्मभर वजन केलं होतं. तागडी अशी झुकली की तोलाईदाराला बोलता येत नाही. मी उगीच बोलले असं मला वाटू लागलं, तेवढ्यात ते म्हणाले, "तू काय मागितलंवतंस गं तिथं?" मी म्हटलं, "सांगायचं नसतंय." "मोडलंच हाय, तर सांग." मी सांगितलं. बाळाच्या टाळूवर हात ठेवून, खाली बघत सांगितलं, की तुमच्या आधी मला ने. मालक म्हणाले, "आयला." आणि थोड्या वेळानं, "मीबी त्येच मागितलंवतं." "काय?" "की मला आधी ने." एका घाटावर, एकाच पाण्यात, हाताला हात लावून उभी राहून आम्ही दोघांनी एकमेकांच्या विरुद्ध मागितलं होतं. पाच वर्षं ते आंबा न खाता त्यांचं मागणं राखत होते आणि मी स्ट्रॉबेरी न बघता माझं. "कशापायी असलं अभद्र मागितलंत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "मला च्या करता येत न्हाई." "च्यासाठी मरायचं व्हय माणसानं?" "च्यासाठी न्हाई. सकाळी उठलं की च्या कोण देणार, ह्यासाठी." आणि मग, लहान आवाजात, "तुला एकटीला जमंल. लिवाय शिकलीस तू. मला न्हाई जमायचं."

मी उठून कठड्यापाशी गेले. खाली साताऱ्याची गल्ली, कुणाचा तरी रेडिओ, वर अजिंक्यताऱ्यावर कोवळं ऊन. मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या आत त्या सोड्यासारखं काहीतरी वर येत होतं, तळातून, बारीक बारीक बुडबुड्यांनी, आणि मला कळलं की ते हसू आहे. माझं मोडलं, त्यांचंही मोडलं. माझं एका ग्लासात, त्यांचं रोज दोन फोडी. आता देवापुढं आमच्या दोघांचीही काही ठेव राहिली नव्हती. कुणी पुढं नव्हतं, कुणी मागं नव्हतं. कुणी जायचं, कधी जायचं, हे आता आमच्या हातातलं नव्हतं. ते कधीच नव्हतं, पण पाच वर्षं मी मूठ आवळून बसले होते आणि आता बोटं मोकळी झाली. मी मागं वळून म्हटलं, "चला." "कुठं?" "सोडा प्यायला." मालक म्हणाले, "तू पिणार?" मी म्हटलं, "तुमी लोणचं सोडणार हाय का?" ते म्हणाले, "न्हाई." "मग चला."

शालनकडं बाळ देऊन आम्ही दोघं गेलो, मयूरी मागनं पळत आली. नाथाजीनं मला बघून कपाळाला हात लावला. "आता काय मावशी, साखर खोटी हाय?" मालक म्हणाले, "तीन लाल दे रं. आन हिला बिया जास्त घाल." मालकांनी पहिला घोट घेतला. मी माझा न पिता त्यांच्याकडं बघत बसले, जसे ते वैशाखात माझ्याकडं बघायचे. फेस त्यांच्या मिशांवर बसला, गुलाबी. त्यांचे डोळे मिटले, नाक वर गेलं, आणि त्यांनी अशी एक लांब ढेकर दिली, की रस्त्यावरची बाई वळून बघू लागली. "लय झ्याक," ते म्हणाले. "ह्ये मी तुला सोडाय लावलं? मला लाज वाटाय पायजे." मयूरीला हे काय चाललंय ते कळत नव्हतं, ती म्हणाली, "आज्जी, तुझा फेस बसला बघ." मग मी प्याले.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही रोज गेलो. सकाळचं बाळंतिणीचं आवरलं, बाळ झोपलं, की मालक टोपी घालून दारात उभे. वाटेत आम्ही भांडायचो, कोण आधी जाणार यावरून, अगदी रस्त्यात, आणि भांडण असं रंगायचं की सातारकर वाट सोडून उभे राहायचे. "माजं नाव आधी लिवलंय." "कुणी लिवलं?" "चित्रगुप्तानं." "त्याला लिवाय कुठं येतंय, वर्गात तर दिसला न्हाई." असलं काहीही. रोज मी त्यांना चहा शिकवायला लागले, कारण भांडणात मी जिंकले तर त्यांची तयारी हवी, आणि ते रोज मुद्दाम दूध उतू घालवायचे, कारण त्यांना जिंकायचं होतं. शालन स्वयंपाकघरातून जळका वास आला की विचारायची, "आई, आज कोण पुढं हाय?" एका दुपारी मालकांनी नाथाजीकडनं एक फळ मागून घेतलं, त्याची हिरवी टोपी काढून टाकली आणि माझ्यापुढं धरलं. मी त्यांच्या हातातनं ते खाल्लं. सोड्यात विरघळलेलं होतं त्यापेक्षा ते आंबट होतं, आणि थंड, आणि आतून पांढरं. बाकावर ऊन होतं. काशीपासून ज्याला मी भीत होते ते सगळं माझ्या तोंडात होतं आणि मला आनंदाशिवाय दुसरं काही होत नव्हतं.

मयूरीची शाळा उघडली तेव्हा आम्ही सांगलीला परतलो. पुढच्या थंड्यांतही गेलो, शालनच्या मुली मोठ्या होत होत्या, नाथाजीनं नवा बाक केला. पहाटे दम चढून, माझ्या हातात हात असताना, माझे मालक आकाराम तीन फेब्रुवारी एकोणीसशे नव्याण्णव रोजी, बुधवारी, सांगलीच्या घरी वारले.